अलार्म बंद होत नाही? वायर कापण्याआधी हे करा

पाऊस सुरू झाला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. मोटारसायकलला बाजारातून अलार्म बसवून घेतलेला असतो. एके दिवशी रिमोटचे बटण कितीही दाबले तरी तो बंद होत नाही. कुणाचा सायरन थांबत नाही, तर कुणाचा सायरन गप्प असतो पण गाडी काही केल्या सुरू होत नाही. भोवती माणसे जमतात आणि त्यातले कुणीतरी सांगते, “ती लाल वायर कापून टाका.”

ती वायर कापू नका. अशा वेळी अलार्मचा डबा क्वचितच बिघडलेला असतो. बहुतेकदा त्याला किंवा त्याच्या रिमोटला पुरेशी वीज मिळत नसते. म्हणून शोध घेताना क्रम पाळा: आधी रिमोटचा सेल, मग गाडीची बॅटरी, मग वायरींचे जोड आणि सगळ्यात शेवटी डबा. हा क्रम कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे जातो आणि दोषही बहुधा याच क्रमाने सापडतो.

पुढची माहिती मुख्यतः गाडी घेतल्यानंतर बाहेरून बसवलेल्या अलार्मसाठी आहे.

आधी आवाज थांबवा

रात्री सोसायटीत सायरन वाजत असेल तर दोष नंतर शोधा, आधी आवाज बंद करा. त्याच्याही आधी गाडीकडे नीट पाहा. हँडल लॉक शाबूत आहे का, चावीच्या भोकाजवळ खरवडल्याच्या खुणा आहेत का, साइड कव्हर सैल आहे का? काही चोर मुद्दाम गाडीला पुन्हा पुन्हा धक्का देतात. कंटाळून मालक अलार्म बंद करून झोपतो आणि मग ते गाडी नेतात. एका रात्रीत कारण नसताना तीन-चारदा सायरन वाजला, तर अलार्म बंद करायचाच झाला तरी गाडी साखळीने बांधा किंवा डिस्क लॉक लावा.

मग असे करा:

१. चावी बंद ठेवा. रिमोट अलार्मच्या डब्याजवळ (बहुधा सीटखाली किंवा साइड कव्हरमागे) नेऊन बंद करण्याचे बटण एकदाच दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. घाबरून भराभर दाबलेले बटण काही अलार्ममध्ये “बंद कर, चालू कर, बंद कर” असे वाचले जाते.

२. तरीही वाजत असेल तर सायरन शोधा. काळ्या भोंग्यासारखा हा भाग हेडलाइटमागे, टाकीखाली किंवा सीटखाली असतो. त्याला दोन वायरी आणि एक छोटा कपलर असतो. वायर ओढू नका. कपलर धरून सोडवा. आवाज बहुधा थांबेल आणि बाकी काही बिघडणार नाही.

३. सायरन सापडत नसेल तर बॅटरीची मायनस बाजू सोडवा. गाडीप्रमाणे त्यासाठी १० नंबरचा पाना किंवा स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो. नेहमी मायनस आधी काढा आणि जोडताना प्लस आधी जोडा. प्लस काढताना पाना चुकून फ्रेमला लागला तर ठिणगी पडते. मायनस आधी सुटलेला असेल तर हा धोका उरत नाही. इंजिन चालू असताना मात्र बॅटरी कधीही सोडवू नका. त्या वेळी व्होल्टेज उसळले तर इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) जाऊ शकतो.

बॅटरी काढल्यावरही सायरन वाजतच राहिला तर घाबरू नका. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरी तोडली तरी वाजत राहावे म्हणूनच ती दिलेली असते. असा सायरन बंद करायला त्याच्या अंगावर एक बारीक चावी लागते. अलार्म बसवताना ती तुम्हाला दिलेली असणार, आता कपाटाच्या खणात शोधा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: काही अलार्म आपण चालू होतो की बंद हे विसरत नाहीत. बॅटरी परत जोडताच ते पुन्हा ओरडू लागतात. म्हणून नवा सेल घातलेला रिमोट हातात घेऊनच बॅटरी जोडा.

रिमोटपासून सुरुवात

पहिला प्रयोग दुसऱ्या रिमोटने करा. अलार्मसोबत सहसा दोन रिमोट येतात. दुसऱ्याने अलार्म बंद झाला तर प्रश्न सुटला: दोष पहिल्या रिमोटचा.

दुसरा नसेल तर सेल बदला. “रिमोटचा लाल दिवा लागतो, म्हणजे सेल चांगला आहे” हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. दिवा लागायला अगदी थोडी वीज पुरते, पण रेडिओ संदेश पाठवायला जास्त लागते. आठ-दहा दिवसांपासून गाडीच्या अगदी जवळ जावे लागत होते का, हे आठवा. तसे असेल तर तो सेल संपत आल्याचा इशारा होता. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून पाहण्याची युक्तीही इथे चालत नाही. ती टीव्हीच्या इन्फ्रारेड रिमोटसाठी आहे आणि गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो.

सेल घेताना जुना सेल दुकानात घेऊन जा. बुटका, गोल काडीसारखा १२ व्होल्टचा सेल २३ए किंवा २७ए असतो. दोघांची लांबी जवळपास सारखी असते, पण २७ए बारीक असतो आणि २३एच्या जागी तो सैल बसतो. चपटा सेल ३ व्होल्टचा असतो. त्यावरच्या आकड्यात मापच लिहिलेले असते: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०१६ तेवढाच रुंद पण १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे बरोबर निम्मा. “चालेल हो” म्हणून दुकानदाराने दिलेला पातळ सेल रिमोटमध्ये हलतो आणि दोष होता तिथेच राहतो.

घरात लहान मूल असेल तर जुना चपटा सेल टेबलावर ठेवू नका. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. तशी शंका जरी आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठा.

खिशात भिजलेला रिमोट असेल तर सेल काढा, झाकण उघडा, पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली एक रात्र ठेवा. ओल्या रिमोटवर बटणे दाबून पाहू नका. सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर आला असेल तर तो कोरड्या ब्रशने किंवा खोडरबराने काढा.

नवा सेल घालूनही चालत नसेल तर दोन शक्यता उरतात.

पहिली, परिसरातला अडथळा. यातले बरेच रिमोट ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. त्याच पट्ट्यात गेट, शटर, वायरलेस बेल अशी पुष्कळ उपकरणे असतात. अमुक एका पार्किंगमध्येच अलार्म बंद होत नसेल, तर हँडल लॉक काढून गाडी तीस-चाळीस पावले ढकलत न्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

दुसरी, रिमोट आणि डबा यांचा सांकेतिक क्रम चुकणे. रोलिंग कोडच्या अलार्ममध्ये प्रत्येक वेळी नवा संकेत जातो. घरी मुलाने खेळता खेळता बटण खूपदा दाबले की रिमोट पुढे निघून जातो आणि डबा मागे राहतो. डब्याजवळ उभे राहून तेच बटण सावकाश दोन-तीनदा दाबल्यावर बरेच अलार्म पुन्हा जुळतात. नाहीच जुळले तर डब्याला रिमोट पुन्हा शिकवावा लागतो. त्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती माहितीपुस्तिकेतच मिळेल. चावी ठरावीक वेळा चालू-बंद करणे किंवा लपवलेले बटण दाबणे अशी आणीबाणीची सोयही काही अलार्ममध्ये असते. पण दुसऱ्या कंपनीची रीत व्हिडिओत पाहून तुमच्या गाडीवर करून बघू नका.

गाडीची बॅटरी: इथेच सर्वांत जास्त फसगत होते

अलार्म चालू नसतानाही त्याचा डबा जागाच असतो आणि थोडी वीज घेत राहतो. हा हिशेब एकदा करून पाहा. समजा तुमचा अलार्म १० मिलिॲम्पिअर घेतो. चोवीस तासांत ते ०.२४ ॲम्पिअर-अवर झाले. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी ३ ते ५ ॲम्पिअर-अवरचीच असते. ३ ची बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असली तरी सहा दिवसांत निम्मी होते, बारा-तेरा दिवसांत रिकामी. जुनी असेल तर त्याच्याही आधी. गणपतीला गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतलेल्या माणसाची गाडी रिमोटला दाद का देत नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

अर्धवट बसलेली बॅटरी पूर्ण बसलेल्या बॅटरीपेक्षा जास्त गोंधळ घालते. डबा जागा राहतो पण संदेश नीट ओळखत नाही. सायरन घोगरा वाजतो, इंडिकेटर मंद लुकलुकतात, सेल्फ मारला की टक-टक आवाज येतो आणि अलार्म आपोआप पुन्हा चालू होतो. ही लक्षणे दिसली की रिमोट बाजूला ठेवा आणि बॅटरी तपासा.

साधा मल्टिमीटर असेल तर आकडे असे वाचा:

- गाडी बंद, थोडा वेळ उभी: १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे.
- १२.२ च्या खाली: अशक्त. १२ च्या खाली: जवळजवळ रिकामी.
- सेल्फ दाबताना १० च्या बरेच खाली कोसळते: बॅटरी थकली आहे, चार्ज करूनही फार दिवस टिकणार नाही.
- इंजिन मध्यम रेसवर: साधारण १३.५ ते १४.५ असायला हवे. तसे नसेल तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही पुन्हा बसणार.

मीटर नसेल तर हॉर्न वाजवून पाहा. बसक्या बॅटरीचा हॉर्न लगेच ओळखू येतो. टर्मिनलवर पांढरी-निळसर पावडर साचली असेल तर ती साफ करून बोल्ट घट्ट करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

किक मारून वेळ निभावेल का? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत बहुधा निभावते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि ईसीयूलाच वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली असेल तर किकचा बहुधा उपयोग होत नाही. अशा वेळी दुसऱ्या दुचाकीच्या १२ व्होल्ट बॅटरीची मदत घ्या. चारचाकीवरून वीज घ्यायचीच असेल तर तिचे इंजिन बंद ठेवूनच.

बंद होतो, पण अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू

हा बिघाड नाही. रिमोटने अलार्म बंद केला आणि ठरावीक वेळेत चावी फिरवली नाही, तर कित्येक अलार्म स्वतःहून परत चालू होतात. खिशात बटण चुकून दाबले गेले तर गाडी उघडी राहू नये, यासाठी ही सोय असते. अलार्म बंद केला की लगेच चावी फिरवा.

तेही नसेल तर कंपन ओळखणारा सेन्सर फार हळवा असेल. जाणारा ट्रक, दिवाळीतले फटाके, मिरवणुकीतला ढोल, कव्हरवर पडणारे पावसाचे टपोरे थेंब यांनीही अलार्म वाजतो. बहुतेक डब्यांवर किंवा रिमोटमध्ये सेन्सरची तीव्रता कमी करता येते. डबा फ्रेमला सैल बांधलेला असेल तर आधी तो घट्ट बांधा.

आवाज थांबला, पण गाडी सुरू होत नाही

आधी साध्या गोष्टी पाहा. घाईत कुणाचा तरी हात लागून हँडलवरचा किल स्विच बंद झालेला असतो. साइड स्टँड खाली असेल किंवा गिअर पडलेला असेल तर अनेक नव्या गाड्या सुरूच होत नाहीत. मीटरचे दिवे लागत नसतील तर मुख्य फ्यूज पाहा.

हे सगळे ठीक असेल तर अलार्मने इंजिनची वीज अडवली आहे. ती दोन प्रकारे अडवली जाते. काही जुन्या सीडीआय इग्निशनच्या गाड्यांत अलार्म किल वायरला अर्थिंग देतो, म्हणून अलार्मचा कपलर सोडवला की गाडी मोकळी होते. दुसऱ्या प्रकारात इग्निशनची मूळ वायर कापून ती अलार्मच्या रिलेमधून फिरवलेली असते. तिथे कपलर काढला तर गाडी बंदच राहते. ती दोन टोके पुन्हा जोडल्याशिवाय सुटका नसते.

आता “लाल वायर कापा” हा सल्ला का धोक्याचा आहे हे लक्षात येईल. तुमच्या गाडीत यातला कोणता प्रकार आहे हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसते. शिवाय बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये वायरींच्या रंगांना कुठलाही एक नियम नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर सीटखालून ईसीयू, पंप आणि सेन्सरच्या वायरी एकत्र जातात. चुकीची एक वायर तुटली की सेलच्या किमतीत मिटणारे काम हजारो रुपयांवर जाते.

जोडांची तपासणी मात्र तुम्ही स्वतः करू शकता, फक्त डोळ्यांनी. पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड पावसात सुटतात. हँडलपाशी वायर सतत वाकून आतल्या आत तुटते. उंदराने कुरतडलेले प्लॅस्टिक लगेच दिसते. डब्यातून एकच बारीक वायर कुठेही न जोडता लोंबत असेल तर ती बहुधा अँटेना असते. ती कापू नका आणि फ्रेमभोवती गुंडाळू नका. गुंडाळली तर रिमोट चार पावलांवरूनही पोहोचत नाही.

वायरिंगवाल्याकडे नेताना

सायरनचा कपलर सोडवून, हँडल लॉक काढून गाडी ढकलत न्या. रात्री बंद गाडी ढकलणाऱ्याला पोलिसांनी हटकणे साहजिक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले आरसी आणि विम्याचे कागद कायद्याने मान्य आहेत, ते मोबाइलवर तयार ठेवा. दुचाकीच्या विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतला आहे का, हेही पाहा. अनेकांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि ऐनवेळी त्यांना ते आठवत नाही.

काम सांगताना “अलार्म काढून टाका” असे मोघम सांगू नका. “मूळ वायरिंग पूर्ववत जोडा, जोड सोल्डर करा किंवा क्रिम्प करून झाका, आणि काय केले ते बिलावर लिहा” असे सांगा.

तुमचे हक्क

अलार्म बसवताना बिल घ्या. ते मागणे तुमचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे हीदेखील तशीच प्रथा. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल, पण नोंद हवी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

वॉरंटीबाबत सावध राहा. वायर कापून अलार्म बसवला असेल तर कंपनीचे सर्व्हिस सेंटर वायरिंगची वॉरंटी नाकारू शकते. मात्र क्लच प्लेट किंवा सस्पेन्शनच्या दाव्यालाही अलार्मचे कारण पुढे केले, तर त्याचा संबंध काय हे लेखी मागा. एआरएआय या पुण्यातल्या संस्थेने प्रमाणित केलेल्या चोरीरोधक उपकरणासाठी विम्यात सवलत घेतली असेल, तर ते काढण्याआधी विमा कंपनीला कळवा.

शेजाऱ्यांचाही हक्क आहे. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ मानली आहे, आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. अलार्मचा सायरन त्याच्या कितीतरी पुढे जातो. दुसऱ्या कुणाची गाडी वाजत असेल तर तिला हात लावू नका. वॉचमनला सांगा, मालक सापडत नसेल तर ११२ वर कळवा.

कंपनीचीच स्मार्ट की असेल तर

अशा गाडीत वायरींना अजिबात हात लावू नका. स्मार्ट कीचा सेल बदला. तरी चालत नसेल तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत आणीबाणीची रीत दिलेली असते. हार्ले-डेव्हिडसनच्या सिक्युरिटी सिस्टिम असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ, इंडिकेटरच्या बटणांनी पाच आकडी पिन टाकून अलार्म बंद करता येतो. पिन आणि चावीवरचे क्रमांक आजच लिहून ठेवा, पण गाडीच्या डिकीत नको.

आता, गाडी धडधाकट असताना

सीट उघडून अलार्मचा डबा, सायरनचा कपलर, फ्यूज आणि बॅटरी यांचे चार फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. माहितीपुस्तिकेच्या रिमोट शिकवण्याच्या पानाचाही फोटो घ्या. दुसरा रिमोट घरी ठेवा आणि महिन्यातून एकदा तो वापरून पाहा. आठवड्यापेक्षा जास्त बाहेरगावी जाणार असाल तर बॅटरीची मायनस बाजू सोडवून गाडी साखळीने बांधा.

जुनी गाडी विकत घेत असाल, तर दोन्ही चाव्यांसोबत दोन्ही रिमोट आणि पुस्तिका हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.